ऑस्टिन का रॉली, आबा सांगतील ते

रविवार, ९ मार्च २०२५. सकाळी ९.

नवी वही. रोजनिशीच्या पहिल्या पानावर काय लिहायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून पत्रासारखी सुरुवात करतो. आधी सगळ्यांची खुशाली.

आमची मंडळी सरूबाई, तिचा डावा गुडघा कसा आहे? बरा आहे, जिना सोडून. आणि उजवा? तो डाव्याचं काम करून वैतागलाय. शिकागोत पोरगा रविराज कसा आहे? खुर्चीत बसून बसून पाठ धरते. सूनबाई अनुपमा? सर्दी. दिवाळीपासून तीच सर्दी. नातू स्वराज, वय वर्षे सहा? पुढचा दात पडला, तो डबीत ठेवलाय, खुशीत आहे. गोठ्यातली कपिला? आटत आली. आणि मी स्वतः? एकाहत्तर पूर्ण, एकदम ठणठणीत. बीपीची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, बाकी औषध म्हणून शिवायचं नाही.

वही काढायचं कारण मोठं आहे. आज सकाळी रविराजचा फोन आला. शिकागोच्या बर्फाला घर कंटाळलंय. कंपनीची आणखी दोन ऑफिसं आहेत. एक ऑस्टिनला, टेक्सास राज्यात. दुसरं रॉलीला, नॉर्थ कॅरोलिना राज्यात. दोन्ही शहरं अशी वाढतायत की सकाळी बघितलेलं रान संध्याकाळी सोसायटी झालेलं असतं. दोन्हीतलं एक धरायचं. एवढं सांगून पोरगा म्हणाला, "आबा, तुम्हाला काय वाटतं?"

हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतोय. बारावीनंतर त्यानं मला पहिल्यांदाच विचारलं. बारावीला विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, अ‍ॅग्री. तो कॉम्प्युटरला गेला. पण विचारलं होतं.

मी म्हणालो, जरा दम धर, अभ्यास करून सांगतो. तो म्हणाला, कंपनीला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. कोणत्या शुक्रवारपर्यंत, ते विचारायचं राहिलं. एवढा मोठा देश, एवढी घाई नसणार.

संकल्प: निर्णय होईपर्यंत दुसरा विषय नाही. पोराचा संसार आपल्या एका शब्दावर उभा राहणार आहे. कपिलाचं सरूबाई बघेल.

सोमवार, १० मार्च

पाचला उठलो. चहाच्या आधी टोपी घालून बसलो. पद्धत ठरली.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर अठ्ठावीस वर्षं काढली. शाळा चौथीपर्यंत, पण मशीनचं इंग्रजी मॅन्युअल आपलं आपण वाचलं, जुन्या पेपरांच्या रद्दीतून जगाचा भूगोल केला. काट्याचा नियम एकच. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, मग रिकामी घ्यायची, वजाबाकी करायची. उरेल तो ऊस. शहराचंही तेच. लोक सांगतात ती भरलेली गाडी. त्यातून बढाई वजा करायची. उरेल ते शहर.

वहीच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडं ऑस्टिन, उजवीकडं रॉली. रेघ वाकडी आली. पुन्हा ओढली. आजचं काम एवढं.

गुरुवार, १३ मार्च. होळी.

मोठा शोध. न बघितलेलं गाव कसं तोलायचं, तर बघितलेल्या गावानं.

आपलं मांडवगण फराटा तालुक्याला शिरूरकडं, पण रेल्वे धरायची तर दौंड. दोन्ही गावं मला तळहातासारखी. आता बघा. शिरूरच्या बाजूला कंपन्या, रांजणगावची एमआयडीसी, कॉलेजं, शर्टाला इस्त्री केलेली पोरं. रॉलीतही कंपन्या आणि कॉलेजं. म्हंजी रॉली म्हणजे शिरूर. दौंडला ऊन, काळी जमीन, अंगानं नदी. ऑस्टिनला ऊन, काळी जमीन, मधून नदी. म्हंजी ऑस्टिन म्हणजे दौंड. निम्मी अमेरिका घरबसल्या आटोपली.

सरूबाईला सांगितलं. ती पोळी लाटत होती. तिनं विचारलं, मग पोरानं एवढ्या लांब जाऊन दौंडला कशाला राहायचं. बायकांना भूगोल समजावणं अवघड आहे.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. शुक्रवार आहे खरा, पण धुळवडीला शुभ काम कोण ठरवतं? रविराज याच घरात वाढला, त्याला ठाऊक असणार. म्हणजे पुढचा शुक्रवार.

त्याचा फोन आला नाही. अनुपमाचा आला, सरूबाईच्या फोनवर. दोघी तासभर बोलत होत्या. बायकांचं काहीतरी. मी ऑस्टिनच्या पावसाचा रकाना भरत होतो, लक्ष दिलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

सोयरीक करताना आपण काय करतो? मुलाकडचे सांगतील ते ऐकत नाही. त्या गावात ओळखीचा माणूस गाठतो, चहा पितो, पाणी कसंय, शेजार कसाय, विचारतो. मग अमेरिकेला वेगळा न्याय का?

दोन माणसं सापडली. पाटसचे बापूसाहेब, कारखान्याचे माजी संचालक. त्यांचा सुदर्शन आठ वर्षं ऑस्टिनात. आणि केंदूरचा संपत, शेवंतीचा मळा आहे त्याचा. त्याचा हृतिक दोन वर्षांपासून रॉलीत.

दोघांना फोन केले. बापूसाहेब म्हणाले, या जेवायला. संपत म्हणाला, मीच येतो आबा, तुम्ही कशाला तरास घेता.

रविवार, २३ मार्च

पाटसला गेलो. बापूसाहेब घरातही माइकसमोर बोलल्यासारखं बोलतात. ऑस्टिनचं वर्णन दीड तास. जमीन आपल्यासारखी काळीभोर. नदीचं नाव कोलोरॅडो. राज्याची राजधानी तीच, म्हंजी आमदारांची ये-जा. ऊन आपल्यासारखंच, अंगाला ओळखीचं. सुदर्शनच्या घरासमोर हिरवळ, इतकी की आपल्या तीन शेळ्या वर्षभर निघतील. शेळ्या पाळायची परवानगी नाही म्हणे. हे मी वजा केलं.

जेवायला मटण. तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी. तिसऱ्या वाटीला बापूसाहेब म्हणाले, रविराज आमच्या सुदर्शनच्या शेजारीच आला पाहिजे, शब्द द्या. मी शब्द दिला. मटणाचा काही दोष नाही. मनातल्या मनात मी 'अभ्यासाअंती' असं म्हणालो होतो. ते मोठ्यानं म्हणायचं राहिलं.

येताना एसटीत पक्का निश्चय: इथून पुढं जेवणाआधी बोलणी.

शुक्रवार, २८ मार्च

आणखी एक शुक्रवार गेला. रविराज कंपनीला कसा थोपवून धरतोय, त्याचं त्याला माहीत. पोरगं खमकं आहे.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा.

संपत आला. गुढीला घालायला शेवंतीची माळ घेऊन आला. अंगणात कोपऱ्यातच बसला, खुर्ची दिली तर अर्ध्या खुर्चीवर.

रॉलीची माती तांबडी. झाडं सगळी पाइनची, उंच. शाळा चांगल्या. हवा गार, हिवाळ्यात कधी कधी बर्फ, पण शिकागोसारखा महिनोन्महिने नाही. बढाई शून्य. वजा करायला काहीच मिळेना. असा माणूस काट्यावर आला की काटेवाल्याचीच पंचाईत होते.

मी ठरवल्याप्रमाणे जेवणाआधी बोलणी केली. त्यानं काही मागितलं नाही. उठताना फक्त म्हणाला, "आमचं हृतिक लई एकटं पडलंय तिकडं, आबा. रविराजदादा आला तर एखाद्या ऐतवारी कुणाच्या घरी जेवंल तरी."

मी शब्द दिला.

आता दोन्हीकडं शब्द गेलाय. घाबरायचं कारण नाही. सोसायटीच्या निवडणुकीत मी दोन्ही पॅनलला शब्द दिला होता आणि दोन्ही पॅनल माझ्यावर खूश होती, मतमोजणीपर्यंत.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. रविराजच्या मागं पुठ्ठ्याची खोकी रचलेली. पॅकिंग चाललंय म्हणाला. शाबास. कुठं जायचं ते ठरलेलं नाही, पण सामान बांधून तयार. फक्त माझ्या शब्दाची वाट. मी म्हणालो, काळजी करू नकोस, अभ्यास शेवटच्या टप्प्यात आहे. तो काहीतरी बोलायला लागला, तेवढ्यात सरूबाईनं फोन घेतला आणि गुढीचा नैवेद्य दाखवू लागली.

शुक्रवार, ४ एप्रिल

ऑस्टिनबद्दल दोन गोष्टी कळल्या. पेपरवाल्याच्या मोबाइलवर व्हिडिओ बघून.

एक. शहरातल्या मोठ्या पुलाखाली लाखो वटवाघळं राहतात. हाकलत नाहीत. संध्याकाळी ती बाहेर पडतात तेव्हा लोक पोरंबाळं घेऊन बघायला जातात. चिंचेवर एक वटवाघूळ दिसलं तर आमची सिंधूआत्या पोरांना घरात कोंडायची.

दोन. काळी माती. ऊस म्हणाल तर सोनं. पण काळ्या मातीत घर? उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते, भिंत हलते. हे मांडवगणचं शेंबडं पोर सांगेल. म्हणून तर आपलं घर मुरमाच्या उंचवट्यावर. आणि टेक्सासच्या इंजिनिअरांना हे माहीत नाही?

डावा रकाना एकदम हलका झाला. बापूसाहेबांना कळवावं का? नको. मटण अजून ताजं आहे.

मंगळवार, ८ एप्रिल. दौंड.

पुस्तकी अभ्यास पुरे. प्रत्यक्ष प्रयोग. टेक्सासचं ऊन सोसतं का, ते स्वतः सोसल्याशिवाय पोराला कसं सांगू?

दुपारी दोनला दौंड स्टेशनपासून बाजारापर्यंत चालत निघालो. टोपी मुद्दाम घरी ठेवली. छत्री नाही, गॉगल नाही. वाटेत बोडकं डोकं बघून तीन जणांनी विचारलं, आबा, कुणी गेलं का?

निकाल: टेक्सासचं ऊन मी पंचवीस मिनिटं सोसलं. त्यातली वीस रसवंतीच्या सावलीत. ती वजा करत नाही, टेक्सासलाही सावली असणारच. रस तीन ग्लास. परतीच्या गाडीत चक्कर. ती गाडीमुळं.

बुधवार, ९ एप्रिल

अंग तापलंय. सरूबाईनं तळपायाला कांद्याचा रस चोळला. तिनं विचारलं, कशापायी. मी म्हणालो, पोरापायी. तिनं चोळायचा हात थांबवला. काहीतरी सांगायचं होतं तिला बहुतेक. मग कांदा घेऊन आत गेली.

शुक्रवार, ११ एप्रिल. शिरूर.

ताप उतरला. न्यायानं दुसरा प्रयोग झालाच पाहिजे, नाहीतर रॉलीवर अन्याय.

शिरूरजवळ एकाचं डाळिंबाचं कोल्ड स्टोरेज आहे. ओळख काढून आत गेलो. स्वेटर, मफलर, कानटोपी, सरूबाईची शाल. तिथला बिहारी मॅनेजर म्हणाला, "चाचा, ये फल रखने की जगह है, आदमी की नहीं." मी त्याला समजावलं की मी नॉर्थ कॅरोलिनाचा हिवाळा तपासतोय. त्यानं दार उघडंच ठेवून बाहेर स्टूल टाकलं आणि माझ्यावर नजर ठेवून बसला.

क्रेटवर बसून नऊ मिनिटं. निकाल: रॉलीची थंडी सहज सोसण्यासारखी. दाढा वाजत होत्या, पण तो माझ्या कवळीचा जुना प्रश्न आहे. बाहेर आलो तर चष्म्यावर धुकं. त्या धुक्यात चुकीच्या एसटीत बसलो, न्हावऱ्यात उतरलो.

रविवार, १३ एप्रिल

शिंका सत्तावीस. सरूबाईनं मोजल्या.

रविराजला फोन लावला. तो गाडी चालवत होता. लांबचा प्रवास, दोन दिवस लागतील, नंतर बोलतो आबा. सुट्टीला निघाले असतील. निर्णयाचा ताण किती येतो माणसावर, मी स्वतः अनुभवतोय. येऊ दे फिरून. आल्यावर निकाल तयार असेल.

बुधवार, १६ एप्रिल

झालं. ठरलं.

संपतनं हृतिकचा फोटो पाठवला. रॉलीत सध्या पाइनच्या फुलोऱ्याचा धुरळा पडतोय. हृतिकची काळी गाडी अख्खी पिवळी. टप पिवळं, काचा पिवळ्या, समोरचा रस्ता पिवळा. जेजुरीला भंडारा उधळल्यावर पायऱ्या दिसतात, हुबेहूब तशी. ज्या गावात झाडंच भंडारा उधळतात तिथं आणखी काय बघायचं? खंडोबानं आपण होऊन हात वर केला.

रकाने मिटले. वजाबाकी रद्द. रॉली.

संपतनं खाली लिहिलं होतं की या धुरळ्यानं हृतिकला फार शिंका येतात. ते मी सर्दीत धरलं.

शनिवार, १९ एप्रिल

एवढा मोठा निर्णय फोनवर पुटपुटून द्यायचा? रीतसर झाला पाहिजे. ३० तारखेला अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. सकाळी सातला अंगणात मंडळी बोलवायची, चार शब्द बोलायचे, मग रविराजला व्हिडिओ लावायचा. तिकडं आदल्या दिवशीची रात्र असते, जेवणं उरकून घरचे सगळे सापडतात.

संपतला सांगितलं, ये, तुझंच आहे. बापूसाहेबांना खरं तर बोलवायचं नव्हतं, पण त्यांना कुठून तरी कळलं. त्यांनीच फोन करून विचारलं, किती वाजता. मी म्हणालो, या, तुमचंच आहे. घर आपलंच आहे अशा अर्थानं म्हणालो.

भाषण लिहायला घेतलं. चार पानं झाली, अजून अमेरिकेत पोचलो नाही.

रविवार, २७ एप्रिल

सकाळी सरूबाई समोर येऊन बसली. म्हणाली, जरा थांबा, एक सांगायचंय. मी म्हणालो, तीस तारखेनंतर. भाषण पाठ होत नाहीये. ती म्हणाली, तीसच्या आधी सांगायचंय. मी म्हणालो, आमरसाला आंबे किती लागतील ते ना, दोन पेट्या आण. ती उठून गेली.

तब्येत उत्तम. एवढा उत्साह लग्नातही नव्हता.

बुधवार, ३० एप्रिल. अक्षय्य तृतीया. सकाळी ६.

अंगणात सतरंजी. दारात रांगोळी. मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला. धोतर नवं. पोराच्या आयुष्याचा आज निकाल.

त्याच दिवशी, दुपारी १२

क्रमानं लिहितो. नाहीतर उद्या मला दुसरंच आठवेल.

सातला चौदा माणसं जमली. संपत मोठा हार घेऊन आला होता, दुहेरी, शेवंतीत मोगरा गुंफलेला. बापूसाहेब शाल आणि श्रीफळ घेऊन. दोघं शेजारी बसले. दोघंही माझ्याकडं बघून हसत होते.

भाषण केलं. दोन पानं विसरलो, पण टाळ्या पडल्या. शेवटी म्हणालो, सर्व बाजूंचा साधकबाधक विचार करून माझा मुलगा रविराज यानं रॉली इथं स्थायिक व्हावं असं मी ठरवलं आहे. संपतनं टोपीनं डोळे पुसले.

बापूसाहेब उठले. शाल काखेत घेतली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "अठरा वर्षं संचालक व्हतो, कोंडिबा. शब्द फिरवणारी लई बघितली. आमच्या घरचं मटण खाऊन फिरवणारा तुमी पहिलंच."

मी म्हणालो, बसा तर खरं, पोराच्या तोंडून ऐका. आणि व्हिडिओ लावला.

फोन स्वराजनं उचलला. कोण बोलतंय, किती माणसं बसलीत, काही बघितलं नाही त्यानं. फोन घेऊन पळत सुटला. "आबा, बघा ना, ऑस्टिनच्या घरातली माझी रूम." पलंग दाखवला. कपाट दाखवलं. त्यात डबीतला दात दाखवला. मग खिडकी. खिडकीतून पलीकडचं घर, त्याच्या ओट्यावर दिव्याच्या उजेडात एक माणूस झाडांना पाणी घालत होता. स्वराज म्हणाला, ते सुदर्शनकाका.

बापूसाहेब परत खाली बसले. मोबाइलच्या अगदी जवळ जाऊन बघायला लागले. म्हणाले, व्हय, सुदाच हाय की. चौदा माणसांनी पुढं सरकून सुदर्शनला बघितलं.

मग रविराजनं फोन घेतला. मागं बसलेली मंडळी त्याला दिसली असावीत. त्यानं विचारलं, "आबा, आईनं तुम्हाला सांगितलं नाही का?"

सरूबाई आमरसाचं पातेलं घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. रविराज सांगत होता की कंपनीला त्यानं त्याच आठवड्यात, धुळवडीच्या शुक्रवारी कळवलं होतं. चौदा एप्रिलला ऑस्टिनात पोचले. घर चांगलं आहे. अनुपमाची सर्दी पंधरा दिवसांत पळाली. मी म्हणालो, बरं झालं, पाठीला जप. आणि फोन बंद केला. बंद कुठून करतात ते चटकन सापडेना, बापूसाहेबांनी केला.

संपतनं हार हळूच पिशवीत घालायला घेतला. मी तो त्याच्या हातातून काढून दाराला बांधला. सणाचा दिवस आहे म्हणालो. गाठ बसत नव्हती, त्यानंच मारून दिली.

बापूसाहेबांना दिलदार म्हटलं पाहिजे. त्यानंतर मला एक शब्दही टाकून बोलले नाहीत. उलट म्हणाले, त्यांच्या सुदर्शननं साखरपुड्याची तारीख काढल्यावर त्यांना विचारलं होतं, पोरगी कशी वाटती. आणि त्यांनी आठ दिवस चौकशी केली होती. मंडळी हसली. मीही हसलो. आमरस सगळ्यांना पुरला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

सरूबाईला समोर बसवलं. विचारलं, तुला कधीपासून माहीत?

ती म्हणाली, पहिल्यापासनं. अनुपमानं धुळवडीला फोन करून तिचं मत विचारलं होतं.

"मी एवढंच म्हणलं, जिथं दुपारच्याला बोलायला एखादी बाई हाय तिथं जा. ती म्हणली, ऑस्टिनात घर बघितलंय त्याच्या शेजारीच सुदर्शनची बायको हाय. म्हणलं, मग झालं की."

एवढंच. माती नाही, नदी नाही, थंडी नाही. दोन वाक्यांत. माझ्या वहीची एकसष्ट पानं भरली होती.

मी विचारलं, मग मला सांगायला तोंड शिवलं होतं का?

ती गुडघ्यावरनं हात फिरवत राहिली.

"सांगनार व्हते वो. त्याच दिवशी सांगनार व्हते. पन कारखाना सुटल्यापासनं नऊ वरसं तुमी उठायचा आन् अंगणात जाऊन नुसतं बसायचा. आन् रविराजचा फोन आल्यापासनं चहाच्या आदी टोपी घालून तयार. दौंडला जातोय, शिरूरला जातोय, ह्येला फोन, त्येला फोन. म्हणलं, व्हऊ दे चार दिस. रविराजलाबी मीच म्हणलं, आत्ता बोलू नगं, सुदर्शनलाबी घरी सांगू दिऊ नगं. नंतर सांगाया गेले तर तुमी ऐकायला रिकामं कुठं व्हता?"

मी उठलो. कपिलाला पाणी दाखवून आलो. ती पूर्ण आटली आहे. कधी आटली ते मला माहीत नाही.

गुरुवार, १ मे

आठला उठलो.

शुक्रवार, २ मे २०२५

टोपी घातली नाही. अंगणात बसून रविराजला पत्र लिहिलं. फोनवर नीट बोलता येत नाही, मध्ये पोरगं पळतं, मध्ये सरूबाई घेते. पत्राची नक्कल इथं ठेवतो.

चि. रविराज यास आशीर्वाद. तू, अनुपमा, चि. स्वराज खुशाल असाल. इकडं तुझ्या आईचे दोन्ही गुडघे आहेत तसे आहेत. माझी सर्दी गेली.

माझा निर्णय रॉलीचा झाला होता. तो रद्द समजावा. तुझ्या आईनं सांगितलं ते बरोबर आहे, मला ते सुचलं नव्हतं. ऑस्टिनची जमीन काळी आहे. भिंतीला भेग दिसली तर घाबरू नये, पण मला कळवावं.

केंदूरच्या संपतचा हृतिक रॉलीत एकटा आहे. नंबर खाली देतो. दर रविवारी त्याला फोन करत जा, आणि सुट्टीला चार दिवस तुमच्याकडं बोलाव. एवढं माझ्याकरता कर, मी त्याच्या बापाला शब्द दिलाय.

तू मला विचारलंस, ते फार बरं वाटलं. आणखी काही ठरवायचं असेल तर विचार. गाडीचा रंग, स्वराजची शाळा, काहीही. तुमचं आधीच ठरून गेलेलं असलं तरी हरकत नाही. तू विचार, मी पहिल्यापासून अभ्यास करीन. तुझ्या आईला सांगू नकोस.

मी रिकामाच आहे. दोन ओळी का होईना, लवकर लिही.